नाकबाईंनी पास केलेली टाकी

नाकबाईंचं नाक दिसायला काही मोठं नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण त्यांच्या मुलाने आपल्या नव्या ब्रूपबच्या, म्हणजे जिथे बिअर करतात तिथेच पाजतात अशा जागेच्या, दारावर जे नाक रंगवून घेतलं होतं ते चांगलं हातभर लांब होतं, नाकपुड्या फुगलेल्या, आणि खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, ‘इथली प्रत्येक टाकी नाकबाईंनी हुंगून पास केलेली आहे.’ उद्घाटनाच्या दिवशी, रविवारी सकाळी अकरा वाजता, नाकबाई रस्त्यात उभ्या राहून, मान वर करून स्वतःच्याच नाकाकडे बघत होत्या आणि आत जायचं टाळत होत्या.

कारण त्या नाकाला गेली दोन वर्षं कसलाही वास येत नव्हता. अत्तराचा नाही, गटाराचा नाही, करपल्याचा नाही. आणि ही गोष्ट त्यांनी आजपर्यंत एका जिवंत माणसाला सांगितली नव्हती.

आता नाकबाई म्हणजे कोण, ते सांगायला हवं. ज्या इमारतीवर ते नाक रंगवलेलं होतं ती पूर्वी दुधाची डेअरी होती, आणि नाकबाई तिथल्या धक्क्यावर एकतीस वर्षं कामाला होत्या. काम एकच, वास घेणं. पहाटे ट्रक लागायचे, कॅन खाली उतरायचे, आणि नाकबाई एकेका कॅनचं झाकण फिरवून काढायच्या, उलटं करून त्याची आतली बाजू नाकाशी न्यायच्या आणि परत लावताना कॅनच्या गळ्यावर आपटायच्या. एक टकटक म्हणजे घ्या. दोन टकटक म्हणजे परत न्या. तोंडाने बोलायचं काम नाही. लॅबवाल्यांच्या नळ्या अर्ध्या तासाने जे सांगायच्या ते नाकबाईंच्या झाकणाने आधीच सांगितलेलं असायचं, त्यामुळे लॅबवाल्यांचं आणि त्यांचं कधी जमलं नाही. गाईने रानात कडू पाला खाल्ला, कॅन साबणाने धुऊन नीट विसळला नाही, कालचं उरलेलं आजच्यात ढकललं, सगळं त्यांना कळायचं. ट्रकवाले त्यांना टरकून असत. एका ट्रकवाल्याचा तर अख्खा ट्रक त्यांनी परत पाठवला होता, चाळीस कॅन, ऐंशी टकटक, आणि तो बिचारा शेवटपर्यंत मोजत उभा राहिला होता.

असल्या नाकाचा तोरा काही कमी नव्हता. कामावर जाताना कांदा नाही, लसूण नाही, पावडर नाही. घरात सुवासिक साबण आला की बाहेर जायचा. स्वभाव असा की नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत, आणि दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायला मात्र सदा तयार. शेजारीण दारात उभी राहिली की नाकबाई म्हणायच्या, “काल रात्री मासे तळलेत वाटतं, आणि तेल मागचंच वापरलंत.” अशा बाईला शेजारी जपून असतात.

नवराही त्याच डेअरीत, लोणी काढायच्या विभागात. त्यांना सगळे लोणीमास्तर म्हणायचे. माणूस गरीब, बायकोपुढे तर फारच गरीब, पण अंगाला लोण्याचा वास कायमचा. आंघोळ करा, शर्ट उन्हात घाला, वास जायचा नाही. जगातल्या प्रत्येक वासाला नाव ठेवणारी ही बाई त्या एका वासाला मात्र कधी काही बोलली नाही. मास्तर जाऊन सहा वर्षं झाली. त्याच साली डेअरी गावाबाहेर नव्या इमारतीत गेली आणि हिला कुलूप लागलं.

ते कुलूप मुलाने काढलं. मुलगा आधी थंड गोदामांची यंत्रं दुरुस्त करायचा, मग कुठूनसा बिअर करायचं शिकून आला आणि डेअरीच्या दोन जुन्या टाक्या घासूनपुसून त्यात बिअर करू लागला. नातेवाइकांत कुजबुज झाली की मुलगा दारू गाळतो म्हणे. नाकबाईंनी एकेकाला गाठून ऐकवलं, “गाळत नाही, आंबवतो. तुम्ही दुधाला विरजण लावता ना, तसं तो टाकीला लावतो. तुमचं दही पातळ होतं, त्याचं होत नाही, एवढाच फरक.” एवढ्यावर नातेवाईक गप्प बसले, कारण त्यांच्या दह्याबद्दल पुढे आणखी काय ऐकावं लागेल याचा नेम नव्हता.

आणि नेमकं हे सगळं उभं राहत असतानाच नाक गेलं. आठवडाभर ताप आला, उतरला, आणि उतरताना वास घेऊन गेला. पहिले दोन दिवस त्यांना वाटलं सर्दी आहे. पंधराव्या दिवशी त्यांनी न्हाणीघराचं दार लावून फिनेलची बाटली उघडली, नाकाला लावली, आणि नुसतं पाणी हुंगल्यासारखं झालं. तेव्हा त्या बादलीवर बसून रडल्या. मग तोंड धुतलं, बाहेर आल्या आणि सुनेला म्हणाल्या, “फिनेल पाणचट आणलंयस.”

त्या दिवसापासून नाटक सुरू झालं. दुधाच्या पिशवीवरची तारीख त्या भिंग लावून चोरून वाचायच्या आणि मग झाकण हुंगायचं तसं पिशवी हुंगून निकाल द्यायच्या. पायपुसणं ओलं दिसलं की दुरून ओरडायच्या, “कुबट वास येतोय.” आणि जिथे डोळ्यांनी भागत नव्हतं तिथे त्या सुनेच्या तोंडाकडे बघायच्या. सून दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडांवर वाकून बसायचं काम. नाकबाई म्हणायच्या, हिला कसलं नाक, हिचं नाक तिथल्या औषधांनी कधीच बधिर झालंय. पण सुनेने भाजीचं पातेलं उघडून नाक मुरडलं की नाकबाई लगेच म्हणणार, “आंबली, टाकून दे.” शेजारणीकडे मात्र तक्रार वेगळीच. “आमची सून हल्ली फार नाक मुरडते बाई. ज्यात त्यात नाक मुरडते. पूर्वी अशी नव्हती.”

एकदाच फजिती झाली. गॅसवर दूध ठेवलेलं, नाकबाई पाच हातांवर बसून शेंगा सोलतायत, आणि दूध उतू जाऊन, आटून, पातेलं काळंठिक्कर पडलं तरी यांना पत्ता नाही. घरभर धूर झाला तेव्हा आतून सून धावत आली. नाकबाई शांतपणे म्हणाल्या, “तू उठतेस का ते बघत होते.” सुनेने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पातेलं घासायला घेतलं.

तर असं हे नाक दारावर लावून मुलगा आत पाहुण्यांची वाट बघत होता.

नाकबाई आत गेल्या. धक्का होता तिथे आता लाकडी टेबलं मांडली होती, पण खाली फरशी तीच, कॅन आपटून आपटून टवके उडालेली. लोण्याच्या विभागाची भिंत पाडून तिथे काच बसवली होती आणि काचेच्या आड दोन टाक्या चकचकत होत्या. पहिलीत सोनेरी बिअर, आजच्यासाठी. दुसरीत काळी, तीही तयार होती पण पुढच्या आठवड्यासाठी राखून ठेवलेली. स्वयंपाकघरातून बटाट्याचे तळलेले काप आणि भाजलेली कोंबडी बाहेर यायला लागली होती, वाफा दिसत होत्या. नाकबाईंनी सवयीने खोल श्वास घेतला. थंड हवा आत गेली, एवढंच.

बारापर्यंत डेअरीतली जुनी माणसं आली, वीस-पंचवीस. मुलाने त्यांना मुद्दाम पहिलं बोलावलं होतं. केस गेलेले, पोटं आलेली, एकमेकांच्या आजारांची चौकशी करत सगळे आपापल्या जुन्या जागी जाऊन बसले, म्हणजे जो जिथे कामाला होता तिथल्या टेबलाशी. ऐंशी टकटकवाला ट्रकवालाही आला होता. नाकबाईंना बघून तो म्हणाला, “बाई, आज मी माल आणलेला नाही, आज मी नुसता प्यायला आलोय.” खिडकीजवळ चार दाढीवाले तरुण बसले होते, ते बाहेरचे. गावोगाव फिरून बिअर पिणं हाच त्यांचा छंद, असं मुलाने सांगितलं होतं. ह्यांना आवडलं की दहा जणांना सांगतील, नाही आवडलं की शंभर जणांना सांगतील, हेही सांगितलं होतं.

मग मुलाने टेबलावर चमचा वाजवून सगळ्यांना गप्प केलं आणि पहिला ग्लास भरून आईपुढे धरला. “आई, तू पास केल्याशिवाय एक थेंब कुणाला मिळणार नाही.”

सगळी डेअरी बघत होती. नाकबाईंनी ग्लास घेतला, हलवला, नाकाशी नेला, डोळे मिटले. नाटकाची सवय दोन वर्षांची होती, त्यामुळे अंगात येत होतं. डोळे किलकिले करून त्यांनी सुनेकडे पाहिलं, पण सून नेमकी पाठमोरी, स्वयंपाकघराच्या दारात कुणाला तरी बशा देत उभी. आता काय करणार. मुलाचं तोंड आशेने फुललेलं. दोन टकटक द्यायला काही कारण हवं, आणि एक द्यायला काहीच लागत नाही. त्यांनी अंदाजपंचे बोटाने टेबलावर एकदा वाजवलं.

टाळ्या पडल्या, नळ उघडले, ग्लास फिरले. आणि मग एक गंमत झाली. जुन्या माणसांनी ग्लास तोंडाला लावले आणि एकेक जण गप्प होत गेला. शिफ्टचा जुना इनचार्ज, सत्तरीचा म्हातारा, ग्लासात नाक घालून तसाच बसून राहिला. मग म्हणाला, “अरे, हा तर मास्तरांचा वास.” लगेच दुसरा म्हणाला, हो, अगदी मास्तरांचा. तिसरा म्हणाला, मास्तर पलीकडून गेले की असंच यायचं. ट्रकवाल्याने तर डोळेच पुसले. “बाई, तुमच्या मुलाने बापाला टाकीत उतरवलंय.” मुलगा लाजून उभा होता, पण चेहऱ्यावर असं काही होतं की त्यालाही तेच म्हणायचं होतं आणि धीर होत नव्हता.

नाकबाईंनी ग्लास परत नाकाशी नेला. हळूच श्वास घेतला. मग जोरात घेतला. मग नाक जवळजवळ बिअरमध्ये बुडवलं, फेस लागला, शेजारचा हसला. काही नाही. अख्खी डेअरी त्यांच्या नवऱ्याचा वास घेत होती, ट्रकवाल्यासारखा ट्रकवाला घेत होता, आणि जिने पस्तीस वर्षं त्या माणसाचे शर्ट धुतले तिला एकटीला तो येत नव्हता. नाकबाईंना इतका राग आला की ग्लास कुणाच्या तरी डोक्यात घालावा असं वाटलं. आणि रागाखाली जे होतं ते रागापेक्षा वाईट होतं. त्यांना मास्तरांची आठवण आली, नुसती आठवण, जिला कसलाच वास नव्हता.

इतक्यात त्यांची नजर खिडकीकडे गेली. दाढीवाल्यांचे ग्लास अर्धे होते. वीस मिनिटं झाली तरी अर्धेच. एकाने दुसऱ्याच्या कानात काही सांगितलं, दोघांनी खांदे उडवले, आणि बटाट्याचे काप मात्र सपासप संपवले. इकडे डेअरीवाले तिसरा ग्लास मागत होते. नाकबाईंच्या मनात काहीतरी खटकलं. दोन वर्षं तोंडं वाचून वाचून त्यांना आता तोंडं चांगलीच वाचता येत होती, आणि ती चार तोंडं पातेल्यातली भाजी आंबल्याची होती.

त्या उठल्या आणि सरळ मोरीपाशी गेल्या. डेअरीत शिकलेली एक गोष्ट होती, माल कसा आहे ते गेलेल्या कॅनवरून कळत नाही, परत आलेल्या कॅनवरून कळतं. भांडी घासणारी बाई परत आलेले ग्लास ओतत होती. रिकामे सगळे डेअरीवाल्यांचे. अर्धे भरलेले नऊ ग्लास, ते मागून आलेल्या इतर गिऱ्हाइकांचे. एकही बाहेरचा ग्लास तळाला गेलेला नव्हता.

“हे असेच येतायत?” नाकबाईंनी विचारलं.

“असेच. एक बाई म्हणाली, लोणी पाघळवून ओतल्यासारखं लागतं. मी म्हटलं, इथे पूर्वी डेअरी होती ना, म्हणून असेल.”

नाकबाई काचेच्या आड गेल्या. मुलगा आणि सून तिथेच होते, टाकीवरचा काटा बघत. त्यांनी दार लावून घेतलं.

“पहिली टाकी बंद कर. लोण्याचा वास आहे तिला.”

मुलगा हसला. “सगळे तेच म्हणतायत आई. बाबांचा वास. मला पण आला, पहिल्याच दिवशी आला. मी मुद्दाम काही केलं नव्हतं, पण आला, आणि मला वाटलं…”

“जे म्हणतायत ते सगळे डेअरीतले आहेत. त्यांच्यापुढे लोण्याचा वास येणारं गटाराचं पाणी ठेव, दोन दोन ग्लास पितील. बाहेरच्यांचे ग्लास बघ जाऊन मोरीत. बिअरला लोण्याचा वास यायचा असतो का? तू शिकून आलास, तूच सांग.”

मुलाच्या तोंडावरचा रंग उतरत गेला. शिकवलं होतं त्याला. पहिल्या महिन्यातच शिकवलं होतं. बिअर आंबत आली की शेवटचे काही दिवस टाकी जरा उबदार ठेवायची, म्हणजे यीस्ट, बिअरचं विरजणच ते, तो लोण्याचा वास आपणच खाऊन टाकतं. त्याने उद्घाटनाच्या घाईत दोन दिवस आधीच टाकी गार केली होती. आणि दुसऱ्या कुणाच्या पोराने त्या टाकीला नाक लावलं असतं तर लगेच चूक कळली असती. याने लावलं, आणि याला चूक आली नाही, बाप आला.

तो टाकीला टेकून खाली बसला. “आता सगळं संपलं. आणखी साठ जणांना बोलावलंय दुपारी.”

“संपलं काय. दुसरी आहे ना?”

तो उठला. दुसऱ्या टाकीच्या खालच्या बारीक नळातून त्याने ग्लासभर काळी बिअर काढली आणि ग्लास आईच्या नाकाशी आणला. “माझ्या नाकाचा आता मला भरवसा नाही. तू सांग. एक वाजवलंस तर ही उघडतो. दोन वाजवलेस तर दार लावून सगळ्यांची माफी मागतो. तू म्हणशील ते.”

नाकबाईंचं बोट टाकीच्या पत्र्यापाशी गेलं. आत्ता एक टकटक दिली की भागलं. पहिल्या टाकीची चूकही त्यांनीच पकडली असं गावभर झालं असतं, दारावरचं नाक होतं तिथे राहिलं असतं. बिअर चांगली असेलही. नसेलही. मुलगा त्यांच्या बोटाकडे बघत होता, लहानपणी धक्क्यावर बसून बघायचा तसा, श्वास रोखून.

त्यांनी बोट मागे घेतलं.

“मला वास येत नाही,” नाकबाई म्हणाल्या. “तापापासून. दोन वर्षं झाली. मघाशी पास केलं ते उगाच केलं. आत्ता लोण्याचं सांगितलं तेही मोरीतले ग्लास बघून सांगितलं. तुझ्या बापाचा वास सगळ्यांना आला, मला नाही आला. आता काय ओरडायचंय ते ओरड.”

मुलगा ओरडला नाही. त्याने एकदा आईकडे पाहिलं, एकदा काचेतून बाहेर दाराकडे. “आई, मी हातभर नाक काढून घेतलंय बाहेर.”

“खोडून टाक. नाहीतरी माझ्यासारखं दिसत नाही.”

“मला माहीत होतं,” सून म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं.

“दूध जळलं त्या दिवशी कळलं. म्हटलं तुम्ही होऊन सांगाल. नाही सांगितलंत. मग बघितलं की तुम्ही माझ्या तोंडाकडे बघता. म्हणून मी जोरात नाक मुरडायला लागले, तुम्हाला लांबून दिसावं म्हणून. आई, माझे गाल दुखतात हो.”

नाकबाई म्हणाल्या, “आणि मी तुझं शेजारीपाजारी काय काय सांगत फिरले.”

“तेही माहीत आहे. शेजारीण दात काढायला आली होती.”

नाकबाईंनी मुलाच्या हातातला ग्लास काढून घेतला आणि सुनेपुढे धरला. “आधी श्वास सगळा बाहेर सोड. तोंड मीट. एकदाच घे, लांब. दुसऱ्यांदा घेतलास की नाक खोटं बोलतं.”

सुनेने तसं केलं. दिवसभर लोकांची तोंडं हुंगणारं ते नाक, त्याला जरा वेळ लागला. “भाजलेल्या पावाचा,” ती म्हणाली. “कडेला करपलेल्या. आणि कॉफीसारखं काहीतरी. लोणी नाही. अजिबात नाही.” मग तिने बोट पुढे केलं, सासूकडे पाहिलं, आणि पत्र्यावर वाजवलं. एकदा.

मुलाने पहिली टाकी बंद केली आणि दुसरीचा पाइप नळाला जोडला. नाकबाई बाहेर आल्या आणि धक्क्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. चमचा वाजवायची त्यांना गरज नव्हती.

“मघाची टाकी मी पास केली ती चुकली. लोण्याचा वास बिअरला चालत नाही, ती परत चाललीय. खिडकीतल्यांनो, तुम्ही तोंडावर सांगितलं असतंत तर दाढ्या गळून पडल्या नसत्या. आणि माझं नाक गेलंय. दोन वर्षांपूर्वीच गेलंय. आता काळी येतेय, ती सुनेने पास केलीय, तिचं नाक चांगलं आहे.”

ट्रकवाल्याने घसा खाकरला. “बाई, नाक गेलं म्हणताय. म्हणजे माझा तो ट्रक…”

“तो आंबलेलाच होता.”

“नाही, म्हणजे मी आपलं…”

“चाळीसच्या चाळीस कॅन.”

सगळी डेअरी हसली, आणि ट्रकवाला सगळ्यांत मोठ्याने हसला. काळी बिअर आली. नाकबाईंनी या वेळी तोंडांकडे बघितलंच नाही, त्या मोरीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. दाढीवाल्यांचे चार ग्लास परत आले ते तळाला फेस लागलेले, रिकामे. पाठोपाठ आणखी चार मागवले गेले.

दुपारचे पाहुणे येऊन गेले, टेबलं पुसून झाली, तेव्हा मुलाने पहिल्या टाकीचा मोठा नळ उघडून ती गटारात सोडायला घेतली. नाकबाई म्हणाल्या, थांब, एक जग भरून ठेव. जग घेऊन त्या धक्क्याच्या पायरीवर बसल्या, सुनेला शेजारी बसवलं, ग्लास भरून तिच्या हातात दिला.

“सांग, कसा येतोय?”

सुनेने श्वास सगळा बाहेर सोडला, तोंड मिटलं, एकदाच घेतला. “लोण्याचा.”

“ते मला कळलंय. नीट सांग.”

“गरम लोण्याचा. शर्टाच्या कॉलरला असतो तसा, थोडा घामट.” ती घुटमळली. “खरं सांगू का आई? मला तो वास कधी आवडलाच नाही. बाबा घरात आले की मी आधी खिडकी उघडायचे.”

नाकबाई हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. “तोच,” त्या म्हणाल्या. “तोच गं. उन्हाळ्यात तर बघायलाच नको. आणखी सांग.”

सुनेने ग्लास परत नाकाशी नेला, चांगलं लांबून दिसेल असं नाक मुरडलं, आणि सांगायला लागली.